निळ्या नक्षीची चिनी थाळी गोव्यात का थांबे?

जुन्या गोव्यात संत ऑगस्टिन मठाच्या उत्खननात पांढऱ्यावर निळी नक्षी असलेल्या चिनी भांड्यांच्या खापऱ्या मिळाल्या. सोळाव्या-सतराव्या शतकांत अशी भांडी चीनहून गोव्यामार्गे लिस्बनला जात. हा व्यापार समजून घ्यायचा तर आधी भट्टी आणि मग वारा समजून घ्यावा लागतो.

चीनमधल्या जिंगदेझेनचे कारागीर शुभ्र केओलिन माती आणि कुटून, पाण्यात निवळवून घेतलेला एक पांढरा दगड एकत्र मळत. चाकावर घडवलेली थाळी सुकली की भाजण्याआधीच तिच्यावर कोबाल्टच्या रंगाने चित्र काढत. कोरडी माती रंग लगेच पिऊन टाकते, म्हणून चुकलेली रेघ पुसता येत नाही. या वेळी रंग काळपट दिसतो. वर झिलई चढवून थाळी सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजली जाई. त्या आचेत दगडाचा अंश वितळून माती काचेसारखी घट्ट होते, झिलई पारदर्शक होते आणि तिच्याखाली निळा रंग उमटतो. झिलईचे कवच असल्याने तो झिजत नाही. आरंभी उत्तम कोबाल्ट इराणहून येई.

पोर्तुगीज १५५७च्या सुमारास चीनच्या किनाऱ्यावर मकावला स्थिरावले. तिथली जहाजे हिवाळ्यात ईशान्य मोसमी वाऱ्यावर निघत आणि मलाक्कामार्गे उन्हाळ्याच्या तोंडी गोव्याला लागत. लिस्बनची जहाजे मात्र साधारण डिसेंबर-जानेवारीतच गोवा सोडत. त्यामुळे माल पुढच्या हंगामापर्यंत इथेच थांबे, आणि त्यातला काही इथल्या मठांत व घरांत राही. लिस्बनच्या जहाजात भांडी तळाशी रचत. ती जड, शिवाय पाण्याने न बिघडणारी. त्यामुळे नीरमाचे, म्हणजे जहाजाचा तोल राखणाऱ्या भाराचे, काम करत आणि मिरी, कापड वर कोरडे राही.

१६०३मध्ये डचांनी सिंगापूरजवळ ‘सांता कातारीना’ हे पोर्तुगीज जहाज पकडले. त्यातल्या चिनी भांड्यांचा अॅमस्टरडॅमला लिलाव झाला आणि उत्तर युरोपातही मागणी वाढली. डच शहर डेल्फ्टच्या कुंभारांनी नक्कल केली; पण खरी कृती युरोपला जर्मनीत साधली आणि १७१०मध्ये मायसनचा कारखाना उभा राहिला.

अस्सल-नकलीतला फरक तुटलेल्या कडेवर कळतो. डेल्फ्टची कड पिवळसर व सच्छिद्र असते, तर चिनी खापरी आतपर्यंत पांढरी आणि घट्ट असते. अशी खापरी जुन्या अवशेषांत दिसली तर उचलू नये. ती कोणत्या थरात, कशाच्या सोबत पडली होती यावरूनच संशोधकांना तिचा काळ आणि प्रवास सांगता येतो.