भट्टीची जाळी : स्थानी, आदेश आणि नाव

यंत्राचा एखादा भाग ‘बदलता येतो’ असे आपण सहज म्हणतो. या विधानाचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न जितका अभियंत्याचा आहे तितकाच तो भाषाभ्यासकाचाही आहे. कारण एकाच्या जागी दुसरे आले असता काय टिकते आणि काय टिकत नाही, याचा विचार व्याकरणशास्त्राने फार पूर्वीपासून केला आहे. प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका अगदी साध्या वस्तूच्या आधारे मांडावयाचा आहे. ती वस्तू म्हणजे भट्टीची जाळी. आपल्या सभोवतीच्या ठाणे–बेलापूर पट्ट्यातील रासायनिक कारखान्यांना वाफ लागते. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचे तर सारे चलनवलन वाफेवर अवलंबून असते. ही वाफ जेथे घन इंधन स्थिर थरात जाळून निर्माण केली जाते, तेथे त्या इंधनाखाली जाळी असते. ती वाकते, जळते आणि बदलावी लागते.

जाळीचे कार्य समजून घेण्यासाठी प्रथम घरातील चूल आणि शेगडी यांतील भेद पाहावा. चुलीत लाकडे एकमेकांवर तिरपी पडतात, त्यांच्यामध्ये पोकळी राहते आणि चुलीच्या तोंडातून येणारी हवा त्यांस पुरते. म्हणून चुलीला जाळी नसली तरी चालते. कोळशाचे तसे नाही. कोळशाचे तुकडे लहान असतात व त्यांचा थर दाट बसतो. हवा त्यात खालूनच शिरली पाहिजे आणि राखही खालीच पडली पाहिजे. यास्तव शेगडीला जाळी अपरिहार्य ठरते. तात्पर्य, जाळीची कामे तीन : इंधनाचा भार तोलणे, हवेला वर वाट देणे आणि राखेला खाली वाट देणे. मोठ्या भट्टीत कामे हीच असतात. केवळ परिमाण वाढते.

मोठ्या भट्टीतील जाळी एकसंध नसते. बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, अनेक गज शेजारी शेजारी मांडून ती सिद्ध होते. हे गज दोन्ही टोकांना आडव्या आधारपट्ट्यांवर टेकलेले असतात. गजांच्या टोकांशी व मध्यभागी लहान उंचवटे ओतलेले असतात. त्यांच्यामुळे दोन गजांतील फट ठरावीक राहते. विल्यम फेअरबेर्न याने १८४४ साली पेटंट घेतलेल्या लँकेशायर बॉयलरमध्ये फावड्याने कोळसा टाकीत असत. माणसाच्या हाताने कोळसा नीट पसरता येईल त्याहून जाळी लांब करून उपयोग नसे. म्हणून तिची लांबी सुमारे सहा फुटांच्या मर्यादेत राही आणि तेवढ्या लांबीतही गज दोन किंवा तीन तुकड्यांत मांडीत. यंत्राचे माप येथे माणसाच्या बाहूने ठरविले होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता जाळी नष्ट कशी होते ते पाहू. पहिले कारण प्रसरणाचे. सुमारे ९०० मिलिमीटर लांबीच्या बिडाच्या गजाचे तापमान ५०० अंश सेल्सिअसने वाढले तर त्याची लांबी जवळजवळ ५ मिलिमीटरने वाढते. दोन्ही टोके जखडलेली असतील तर तो वाकण्यावाचून गत्यंतर नाही. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. बीड पुनःपुन्हा तापविले व थंड केले असता ते मूळ मापावर परत येत नाही, कायमचे वाढते. बिडातील लोह-कार्बन संयुगाचे विघटन होऊन ग्राफाइट सुटे होते आणि जागा अधिक व्यापते; शिवाय ग्राफाइटच्या पापुद्र्यांवाटे तप्त वायू आत शिरून लोखंडास गंजवितात. रुगन व कार्पेंटर या संशोधकांनी १९०९ साली या वाढीचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. तिसरे कारण राखेचे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बहुधा मोठे, अनेकदा ३० टक्क्यांहून अधिक असते. ही राख वितळून गोठली की तिचे क्लिंकर नावाचे कठीण ढेप बनतात व फटी बुजतात. फटी बुजल्या की हवा थांबते. आणि वर चढणारी थंड हवा हीच गजाला थंड ठेवीत असल्यामुळे हवा थांबताच गज तापून वाकतो. खालच्या खड्ड्यात राख साचू दिली तरी परिणाम हाच होतो. म्हणजे जाळी केवळ वरच्या आगीने जळते असे नव्हे. खालच्या दुर्लक्षानेही जळते.

या नाशाचे मोल किती, हे साखर कारखान्याच्या उदाहरणावरून कळेल. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५०–५१ चा त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. तेव्हापासून महाराष्ट्रात रूढ झालेल्या या व्यवस्थेत कारखान्याचे इंधन म्हणजे उसाचेच चिपाड होय. त्यात निम्म्याच्या आसपास पाणी असते. राख थोडी असली तरी तिच्यात सिलिका असल्याने तिचाही काचेसारखा थर धरू शकतो. हंगामाच्या ऐन भरात बॉयलर थांबला तर गाळप थांबते. आणि तोडलेल्या उसातील साखर मात्र थांबत नाही, ती तासागणिक घटत जाते. काही किलो वजनाच्या एका गजाची किंमत अशा वेळी बाहेर उभ्या असलेल्या उसाच्या गाड्यांना विचारावी.

म्हणून जाळीची रचना करणारा जाळी कधीच जळू नये असा हट्ट धरीत नाही. जळणारच असेल तर थोडेसे जळावे, स्वस्त ते जळावे आणि लवकर बदलता यावे, अशी तो योजना करतो. या योजनेचे काही नियम सांगता येतात. गजाचा छेद वर रुंद व खाली निमुळता असावा, म्हणजे फटीत शिरलेली राख अडकत नाही. गजाची उंची रुंदीच्या कित्येक पट असावी व मध्यभागी ती अधिक असावी. त्यामुळे भार तोलला जातो आणि हवेला थंड करण्यास पृष्ठभागही अधिक मिळतो. टोके मोकळी असावीत व प्रसरणास जागा असावी. गज बोल्टने आवळू नयेत, कारण आगीतील बोल्ट पुढे कोणत्याही पान्याने सुटत नाही. गज केवळ वजनाने बसलेला असावा व शेजाऱ्याला न हलविता वर उचलता यावा. तो भट्टीच्या दारातून आत जावा आणि मनुष्यास उचलता यावा. शेवटी, संपूर्ण जाळीत गजांचे प्रकार शक्य तितके थोडे असावेत. चिपाडाच्या भट्टीतील राख पाडणाऱ्या जाळ्यांत हेच तत्त्व पुढे नेलेले दिसते : लहान गजांच्या रांगा फिरत्या दांड्यांवर बसवितात, दांडा कलता केला की राख खाली पडते, आणि एक गज मोडला तर तेवढाच निघतो.

येथे व्याकरणाकडे वळणे उचित होईल. पाणिनीने एकाच्या जागी येणाऱ्यास ‘आदेश’ आणि ज्याची जागा घेतली जाते त्यास ‘स्थानी’ म्हटले आहे. अष्टाध्यायीतील १.१.५६ या सूत्राचा आशय असा की, आदेशाला स्थानीप्रमाणेच मानावे. मात्र जे कार्य विशिष्ट वर्णावर अवलंबून आहे तेथे तसे मानू नये. ‘अस्’ धातूच्या जागी ‘भू’ येतो तेव्हा तोही धातूच मानला जातो व धातूला होणारे प्रत्यय त्यास लागतात. परंतु ‘दिव्’ मधील अन्त्य व्यंजनाच्या जागी ‘औ’ आला की तो व्यंजन मानला जात नाही. म्हणून व्यंजनानंतर होणारा प्रत्ययलोप तेथे होत नाही आणि ‘द्यौः’ हे विसर्गान्त रूप सिद्ध होते. मराठीतही ‘जा’ धातूच्या भूतकाळी ‘गे’ येतो, आणि ‘गेला, गेली, गेले’ असे नेहमीचेच प्रत्यय घेतो. स्थानाचे अधिकार वारशाने मिळतात. द्रव्याचे गुण मिळत नाहीत.

गजाच्या बाबतीत हा अपवाद फार महत्त्वाचा आहे. बिडाच्या गजाच्या जागी त्याच मापाचा साध्या पोलादाचा गज बसविला तर तो जागेत नीट बसतो, फट तीच राहते, हवाही तशीच वाहते. स्थानावर अवलंबून असलेली सर्व कार्ये तो पार पाडतो. पण द्रव्यावर अवलंबून असलेली कार्ये, म्हणजे तप्त अवस्थेत भार तोलणे, न वाकणे, पृष्ठभागाचे पापुद्रे न सुटणे, त्याच्याकडून तशीच होतील असे गृहीत धरता येत नाही. उलट क्रोमियम मिसळलेले बीड वापरल्यास जागा तीच राहून आयुष्य वाढू शकते. फेर्दिनां द सोस्यूर याच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत बुद्धिबळातील हरवलेल्या घोड्याचा दाखला आहे : त्याच्या जागी कोणतीही वस्तू ठेवून तिला घोड्याचे मूल्य दिले तरी डाव चालतो. तो डाव चालतो, कारण बुद्धिबळाच्या पटाखाली आग नसते. यंत्राच्या संदर्भात सोस्यूरच्या दाखल्यापेक्षा पाणिनीचा अपवादासह सांगितलेला नियम अधिक उपयोगी पडतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

दुसरा धोका परंपरेचा आहे. ओतशाळेत साचा करण्यासाठी जो नमुना वापरतात तो प्रत्यक्ष गजापेक्षा किंचित मोठा असतो. कारण बीड गोठताना व थंड होताना सुमारे एक टक्क्याने आकसते. मूळ नमुना हाताशी नसला म्हणजे जुना गजच नमुना म्हणून देण्याचा मोह होतो. नव्या कोऱ्या ९०० मिलिमीटरच्या गजावरून ओतलेला गज सुमारे ८९१ मिलिमीटरचा होईल, आणि त्याच्यावरून ओतलेला त्याहून आखूड. जुना गज वापरलेला असेल तर तो आधीच वाढलेला, वाकलेला किंवा झिजलेला. त्याचे विकारही नकलेत उतरणार. हस्तलिखितांच्या संपादकांना हा प्रकार परिचित आहे. प्रतीवरून प्रत करताना प्रत्येक पिढी आपला दोष पुढे सोपविते. उपाय दोन्हीकडे एकच : प्रतीकडे नव्हे, मूळ मापाकडे जावे. गजासाठी ते मूळ म्हणजे मापे व मुभा लिहिलेला आराखडा.

आता नावाचा प्रश्न. नांगराचे फाळ, रुमणे, जू. बैलगाडीच्या चाकाचे तुंबा, आरे, धाव : ज्या वस्तूंचे भाग गावातच बदलले जात, त्यांच्या भागांना मराठीत स्वतंत्र नावे आहेत. धाव झिजली तर शेतकरी ‘चाक बदला’ म्हणत नाही. भट्टीच्या बाबतीत मात्र सामान्य मराठीत ‘जाळी’ हा एकच शब्द संपूर्णास आणि भागास लावला जातो. शेगडीच्या बाबतीत याने काही बिघडत नाही, कारण तेथे जाळी सबंधच बदलतात. पण मोठ्या भट्टीच्या नोंदवहीत ‘जाळी बदलली’ एवढेच लिहिले तर कोणता गज, कोणत्या ओळीतला, हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

हा केवळ शब्दशुद्धीचा आग्रह नव्हे. समजा, नोंदीत ‘तिसरी ओळ, सातवा गज’ असे लिहिले जाऊ लागले. तोच क्रमांक वारंवार येत असेल तर दोष गजाचा नसून स्थानाचा आहे : तेथे खाली राख साचत असेल, हवा पोहोचत नसेल, किंवा इंधनाचा ढीग तेथेच पडत असेल. गज कितीही बदलले तरी तो दोष जाणार नाही. उलट एकाच ओतातील गज वेगवेगळ्या ठिकाणी मोडत असतील तर संशय द्रव्यावर घ्यावा. म्हणजे स्थानी आणि आदेश यांतील भेद हा दुरुस्तीच्या निदानाचाच पाया ठरतो. आणि ज्या भाषेत नोंद होते तिने तो भेद व्यक्त केला नाही, तर निदानही होत नाही. यासाठी नवे क्लिष्ट संस्कृत शब्द घडविण्याचे कारण नाही. संपूर्णास जाळी, सुट्या भागास गज, त्याच्या टेकूस आधारपट्टी, दोन गजांमधील अंतरास फट, असे घरातलेच शब्द निश्चित अर्थाने वापरले तरी पुरे.

परिभाषेच्या अभ्यासकांनी आपली कसोटी यातून घ्यावी, असे सुचवावेसे वाटते. एखाद्या यंत्राची परिभाषा पुरेशी आहे की नाही, हे कोशातील शब्दसंख्येवरून ठरवू नये. जो भाग सुटा काढता येतो त्यास सुटे नाव आहे काय, आणि ज्या जागेवरून तो काढला त्या जागेसही नाव आहे काय, हे विचारावे. पहिले नाव भांडारातून योग्य वस्तू आणते. दुसरे नाव ती वस्तू पुनःपुन्हा का आणावी लागते ते सांगते.