पिलांची आई कोण? कोंबडी, बल्ब की शेगडी?

कोंबडीचं नुकतंच जन्मलेलं पिलू तुम्ही हातावर घेतलं आहे का? 21 दिवस अंड्यात राहून आलेलं ते पिलू किती हलकं, किती मऊ! पण त्याच्या अंगावरची ती लव म्हणजे पूर्ण वाढलेली पिसं नव्हेत, बरं का. पुरेशी पिसं यायला चार-पाच आठवडे लागतात. तोवर पिलाला आपलं अंग आपणच नीट गरम ठेवता येत नाही. पोटात शिल्लक राहिलेल्या बलकावर ते दोन दिवस अन्नावाचून काढू शकतं, पण उबेवाचून थंडीतली एक रात्र काढणं अवघड!

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या जंगलालगतच्या गावांत अनेक घरी कोंबड्या असतात. धानाचा पैसा हंगामाला येतो. मधल्या अडीनडीला कोंबडी विकली की वह्या-पुस्तकं, औषधपाणी भागतं. अशा घरात विकत आणलेल्या पन्नास पिलांपैकी वीस पिलं एका रात्रीत गारठून गेली तर? म्हणूनच पिलांना ऊब कशी द्यायची, हे आधी ठरवावं लागतं.

खुडूक कोंबडी

सगळ्यांत जुना आणि बिनखर्चाचा उपाय म्हणजे खुडूक कोंबडी. तिच्या अंगाचं तापमान सुमारे 41 अंश सेल्सिअस असतं. पिलं पोटाखाली शिरतात, ऊब घेतात, बाहेर येऊन दाणे टिपतात आणि पुन्हा आत पळतात. वीज गेली काय अन् पाऊस आला काय, ही शेगडी विझत नाही! शिवाय मुंगूस किंवा घार दिसली की आई ओरडून सावध करते.

पण तिच्या पंखाखाली दहा-बारा पिलंच नीट मावतात. परकी पिलं ती जवळ घेईलच असंही नाही. आणि पिलं सांभाळते तोवर ती अंडी देत नाही.

पिवळा बल्ब

पिलं जास्त असतील तर बल्ब सोयीचा. बल्ब म्हणजे जुना तारेचा, पिवळ्या उजेडाचा. तो खातो त्यातली बहुतेक वीज उष्णतेतच जाते. एरवी हा त्याचा दोष. इथे मात्र तोच गुण! एलईडी दिवा उजेड भरपूर देतो, पण पिलांना पुरेल इतकी ऊब देत नाही.

एका पिलामागे साधारण दोन वॅट धरा. पन्नास पिलांना 100 वॅट. 100 वॅटचा एकच बल्ब लावण्यापेक्षा 60 वॅटचे दोन लावलेले बरे. एक गेला तरी दुसरा राहतो. बारा तासांत वीज किती लागेल? 120 गुणिले 12, म्हणजे 1440 वॅट-तास. जवळजवळ दीड युनिट!

बल्ब नुसत्या वायरीवर लोंबकळत ठेवू नका. तो खाली धानाच्या तुसावर पडला तर आग लागेल. तो तारेने किंवा साखळीने पक्का टांगायचा. हे काम मात्र मोठ्यांनीच करायचं.

शेगडी आणि गरम पाणी

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे. पण वादळात तारेवर झाड पडलं, की आतल्या गावात अंधार! अशा वेळी कोणी कोळशाची शेगडी ठेवतं, कोणी मडक्यात निखारे. ऊब मिळते खरी, पण जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत तो पिलांचाच काय, माणसांचाही जीव घेतो. म्हणून शेगडी असलेल्या बंद खोलीत कुणीही झोपू नये.

त्यापेक्षा बाटल्यांत गरम पाणी भरा, झाकणं घट्ट लावा, फडक्यात गुंडाळा आणि पिलांमध्ये ठेवा. पाणी सावकाश निवतं. दर दोन-तीन तासांनी बदलावं लागेल, पण वीज येईपर्यंत पिलं तग धरतील.

किती ऊब पुरे?

पहिल्या आठवड्यात पिलांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे 35 अंश हवेत. मग दर आठवड्याला तीन अंश कमी करायचे: 32, 29, 26... त्यासाठी बल्ब थोडा थोडा वर उचलायचा. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा 45 च्याही वर जातो. तेव्हा बल्ब बंद करून सावली, वारा आणि पाणी द्यायचं!

थर्मामीटर नाही? मग पिलांकडेच पाहा.

- बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करतात: थंडी वाजते आहे.
- बल्बपासून दूर जाऊन चोच उघडून धापा टाकतात: उकडतं आहे.
- सगळी एकाच बाजूला सरकतात: दुसऱ्या बाजूने वारा लागतो आहे.
- सगळीकडे पसरून खातात, झोपतात: छान जमलं!

पिलांभोवती पुठ्ठ्याचं गोल रिंगण करा. चौकोनी खोक्यात ती कोपऱ्यात दाटी करतात आणि खालची गुदमरतात. ऊब रिंगणाच्या मध्यभागी आणि दाणा-पाणी थोडं दूर ठेवा, म्हणजे हवं तेव्हा पिलांना गारव्याला जाता येईल. कोंबडीच्या पोटाखालीही असंच असतं, नाही का?

घरी पिलं आणणार असाल, तर हे आईबाबांनाही वाचून दाखवा. दिवा आदल्या दिवशीच लावून पाहा, पाण्याच्या बाटल्या हाताशी ठेवा आणि पहिल्या रात्री दोन-तीनदा उठून पिलांवर नजर टाका.