रोसेतो वाल्फोर्तोरे : एका डोंगरी गांवाचीं दोन दप्तरें

इटलीच्या दक्षिण भागीं, फोज्जा प्रांतांत, फोर्तोरे नदीच्या खोऱ्यांत रोसेतो वाल्फोर्तोरे नांवाचें लहानसें डोंगरी गांव आहे. ह्या गांवच्या अमेरिकेंतील वसाहतींत हृद्रोगानें होणारे मृत्यु शेजारच्या गांवांहून फार कमी असल्याचा शोध १९६४ मध्यें प्रसिद्ध झाला व तेव्हांपासून वैद्यकांत तिचा बोलबाला झाला. आम्हांस मात्र तिचें महत्त्व निराळें वाटतें. एका गांवाचें दप्तर समुद्राच्या दोन तीरांवर विभागलें गेल्यास तें पुन्हा कसें जुळवावें, ह्याचा हा उत्तम नमुना होय.

१८८२ च्या जानेवारींत येथील अकरा जण न्यूयॉर्कला निघाले व पुढें पेन्सिल्व्हेनियांत बँगरनजीक पाटीच्या दगडाच्या खाणींत कामास लागले. मागोमाग भाऊबंद आले. नव्या वस्तीसही रोसेतो हेंच नांव पडलें. पास्क्वाले दे निस्को ह्या पाद्य्रानें तिची घडी बसविली, व १९१२ मध्यें तिला स्वतंत्र नगराचा दर्जा मिळाला.

आतां साधनांकडे वळूं. १५६३ च्या ट्रेंट येथील धर्मसभेच्या आज्ञेनें चर्चमध्यें बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदवह्या ठेवणें आवश्यक झालें. नेपल्सच्या राज्यांत १८०९ पासून सरकारी जन्म-मृत्यु-विवाहनोंद सुरू झाली. ह्या सरकारी नोंदींत विवाहित स्त्री माहेरच्याच आडनांवानें येते. त्यामुळें मातृकुळाचा धागा तुटत नाहीं. आपल्याकडील वंशावळींत बहुधा हाच धागा हरवतो, हें वाचकांस सांगणें नको.

दुसऱ्या तीरावरील कागदांविषयीं दोन गैरसमज आहेत. पहिला असा, कीं एलिस बेटावरील कारकुनांनीं लोकांचीं नांवें बदललीं. वस्तुतः उतारूंच्या याद्या जहाज सुटण्यापूर्वींच तयार होत. बेटावर त्या केवळ ताडून पाहत. नांवें बदललीं तीं पुढें, कामावर, शाळेंत किंवा नागरिकत्व घेतांना. दुसरा असा, कीं १८९७ च्या जूनमधील आगींत बेटावरील जुनें दप्तर जळाल्यानें आरंभीच्या उतारूंचा मागच उरला नाहीं. १८५५ पासूनचे कागद जळाले हें खरें. परंतु १८१९ च्या कायद्यान्वयें जकातखात्याकडे जाणाऱ्या याद्या निराळ्या होत्या, व त्या सुरक्षित राहिल्या. त्यामुळें १८८२ च्या उतारूंचाही शोध तेथें घेतां येतो. १९०७ नंतरच्या याद्यांत तर जन्मस्थान व मागें राहिलेल्या निकटच्या आप्ताचें नांवही असावें लागे. दोन्हीं दप्तरें सांधणारा दुवा तो हाच.

संग्राहकांस आमची एकच विनंति आहे. जुन्या पत्रांचे लिफाफे पत्रांपासून वेगळे करूं नयेत व छायाचित्रांच्या पाठीवरील मजकूर पुसूं नये. दूरदेशीं गेलेल्या माणसाचें गांव पुष्कळदां तेवढ्याच एका ओळींत शिल्लक राहिलेलें असतें.