जुनी मारुती, नवं पेट्रोल

थंडीत नगरला पहाटे कार्बोरेटरची मारुती ८०० सुरू करायची तर तिचा एक क्रम ठरलेला असतो. चोक पूर्ण ओढायचा, ॲक्सिलरेटर दोनदा दाबायचा, मग चावी फिरवायची. इंजिनाने धरलं की चोक अर्धा आत, मिनिटभराने आणखी थोडा. घाई केली की गाडी बंद. आमच्या घरची १९९६ सालची ८०० अशीच सुरू होते आणि मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. पण गेल्या दोन वर्षांत तिला नवीन खोड लागली. गरम झाली की सिग्नलला मिस मारायची आणि चढावर पिकअप गळायचा. प्लग बदलले, डिस्ट्रिब्युटरची कॅप बदलली, तीनदा कार्बोरेटर उघडून साफ केला. फरक पडला नाही.

शेवटी एका वयस्कर मेस्त्रींनी गरम इंजिनाचा प्लग काढला आणि माझ्यासमोर धरला. प्लगचं टोक विटकरी-तपकिरी असायला हवं. हे खडूसारखं पांढरट पडलं होतं. ते म्हणाले, "भाऊ, गाडी उपाशी चाललीय. कार्बोरेटर तोच आहे, पेट्रोल बदललंय."

हे पेट्रोल बदलण्यात आपल्या जिल्ह्याचा मोठा हात आहे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५० मध्ये त्याचं गाळप सुरू झालं आणि पुढे कोपरगाव, संगमनेर, राहुरी, श्रीगोंदा अशी कारखान्यांची रांगच लागली. साखरेनंतर उरणाऱ्या मळीपासून आणि आता थेट उसाच्या रसापासूनही इथेनॉल होतं आणि तेल कंपन्या ते पेट्रोलमध्ये मिसळतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची विक्री काही पंपांवर सुरू झाली. २०२५ पर्यंत ते देशभर पोचलं. उसाला भाव मिळावा आणि खनिज तेलाची आयात कमी व्हावी हे दोन्ही हेतू मला मनापासून पटतात. प्रश्न एवढाच की १९९६ च्या कार्बोरेटरला हे कोणी सांगितलेलं नाही.

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते. इथेनॉलच्या अंगात स्वतःचाच ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला ९ पट हवा पुरते. दोघांच्या वीस टक्क्यांच्या मिश्रणाला साधारण साडेतेरा पट. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन द्यायला हवं. कार्बोरेटर हे करू शकत नाही. त्याच्यात पितळेचा एक जेट असतो, जेटला एक छिद्र असतं आणि छिद्रातून जाईल तेवढंच इंधन. समोर काय जळतंय आणि मागून काय निघतंय, याची त्याला खबर नसते. मुंबईत समुद्रसपाटीला लावलेली गाडी माळशेज चढून साडेसहाशे मीटर उंचीवरच्या नगरला आली की हवा विरळ होते आणि तोच जेट उलट जास्त इंधन ओततो.

यावर बरेच जण कार्बोरेटर काढून इंजेक्शन बसवतात. त्या नादी लागण्याआधी एक स्वस्त उपाय करून पाहा, असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या फियाटच्या सोलेक्ससारख्या कार्बोरेटरमध्ये जेटवर जो आकडा कोरलेला असतो, तो छिद्राचा व्यास असतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२५ चा जेट काढून १३० चा घातला तर छिद्राचं क्षेत्रफळ आठ टक्क्यांनी वाढतं. जवळपास हवी तेवढीच वाढ! सोबत रबराचे जुने पाइप आणि फ्लोटची सुई बदलायची, कारण इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि कडक करतं. महिन्यातून दोनदा निघणाऱ्या गाडीला एवढं पुरे.

गाडी रोजची असेल आणि अजून दहा वर्षं ठेवायची असेल, तरच इंजेक्शनचा विचार करावा. तो करताना मनाशी एक गोष्ट पक्की हवी, ती म्हणजे ताकदीसाठी हे करायचं नाही. आपल्याच पुण्याच्या बजाजने २००७ मध्ये पल्सर २२० इंजेक्शनसह आणली आणि २००९ मध्ये तीच गाडी कार्बोरेटरवर परत नेली. ताकद घटली नाही, उलट किंचित वाढली. चांगला लावलेला कार्बोरेटर कमजोर नसतो, पण तो एकाच परिस्थितीसाठी लावलेला असतो.

इंजेक्शनचा खरा जीव सायलेन्सरच्या पाइपात असतो. तिथे बोटाएवढा ऑक्सिजन सेन्सर बसतो. बॉशने तो १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत पहिल्यांदा दिला. धुरात ऑक्सिजन उरला तर तो शून्याजवळ व्होल्टेज देतो, इंधन जास्त झालं तर ०.९ व्होल्टच्या आसपास. मधली रेषा ०.४५ ची. गरम इंजिनावर मल्टिमीटर लावला की आकडा सतत वर-खाली होताना दिसतो. ईसीयू, म्हणजे इंजेक्शनचा छोटा संगणक, तो आकडा वाचतो आणि पुढच्या फवाऱ्यात इंधन थोडं कमी किंवा जास्त करतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल दहा टक्के असो वा वीस, गाडी नगरला असो वा भंडारदऱ्याला, दुरुस्ती आपोआप होत राहते. स्वस्तात काम करायचं म्हणून हा सेन्सर वगळणारे भेटतात. त्यांनी मग कार्बोरेटरच ठेवावा. सेन्सरशिवायचं इंजेक्शन म्हणजे पंप आणि वायरिंग जोडलेला महाग कार्बोरेटर.

मारुतीवाल्यांचं नशीब असं की हे काम कंपनीने आधीच करून ठेवलंय. १९९८ मध्ये सँट्रो इंजेक्शनसह आली. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीसाठी धुराच्या युरो नियमांची मुदत आणली, आणि २००० पर्यंत ८०० लाही इंजेक्शन मिळालं. इंजिन त्याच मापाचं, ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं. म्हणून बाहेरचा तयार संच मागवण्यापेक्षा नंतरच्या ८०० चा पूर्ण साज भंगारातून उचलणं सगळ्यात स्वस्त पडतं. पुण्यातल्या मंगळवार पेठेचा जुना बाजार किंवा कुर्ल्याच्या भंगार गल्ल्या इथे तो मिळतो. मॅनिफोल्ड, थ्रॉटल बॉडी, तिन्ही इंजेक्टर, सगळे सेन्सर, ईसीयू आणि वायरिंग एकाच गाडीचं घ्यावं. वायरिंग कापलेलं असेल तर पैसे देऊ नका, कारण तारा जुळवण्यात जाणारे दिवस वाचलेल्या पैशापेक्षा महाग असतात. जाताना आपल्या इंजिनाचं मॅनिफोल्ड गॅस्केट खिशात ठेवा आणि तिथेच मांडून पाहा. बोल्टची आणि हवेची भोकं जुळली तरच पुढची बोलणी. इंजेक्शनच्या ८०० मध्ये सहा व्हॉल्व्हचं आणि बारा व्हॉल्व्हचं अशी दोन प्रकारची इंजिनं आली, त्यामुळे हे पाहणं टाळू नका. नंतरच्या काही गाड्यांत ईसीयू चावी ओळखतो, म्हणून ती चावी आणि तिचा डबाही सोबतच मागून घ्या.

फियाट पद्मिनीचं काम याहून अवघड आहे, कारण तिला असा तयार साज नाही. तिथे जगभरच्या हौशी लोकांनी घडवलेले ईसीयू कामी येतात. अमेरिकेतल्या बॉलिंग आणि ग्रिपो या दोघांनी २००१ च्या सुमारास मेगास्क्वर्ट आणला. नंतर ऑस्ट्रेलियात स्पीडुइनो तयार झाला, तो अर्डुइनो मेगा या साध्या बोर्डावर चालतो. हा बोर्ड आपल्याकडे हजार-दीड हजारात मिळतो आणि संगमनेर किंवा लोणीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलं तो रोज हाताळतात. क्रँकच्या पुलीवर छत्तीस दातांचं चक्र लावतात आणि त्यातला एक दात मुद्दाम कमी ठेवतात. ती मोकळी जागा समोरून गेली की ईसीयूला इंजिन कुठे आहे ते कळतं. पुढे मॅनिफोल्डचा दाब, हवेचं तापमान आणि फेरे यांवरून किती मिलिसेकंद फवारा द्यायचा याचा तक्ता आपणच भरायचा. तो भरायला हवा-इंधनाचं नेमकं प्रमाण मोजणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लागतो आणि पद्मिनीच्या कामातला सगळ्यात मोठा एकरकमी खर्च बहुधा तोच. दोघा-तिघांनी मिळून एक घ्यावा, तक्ता भरून झाला की पुढच्याला द्यावा. आणि गाडीला अजून डायनॅमो असेल तर आधी अल्टरनेटर बसवा. पंप, इंजेक्टर आणि ईसीयूचा भार डायनॅमोला झेपत नाही.

काटकसर कुठे करायची नाही, तेही सांगतो. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचा दाब पाव बारच्या आसपास असतो. इंजेक्शनमध्ये तो अडीच-तीन बार होतो. पूर्वी क्लिप सैल असली तर थेंब गळायचा, आता त्याच जागेतून फवारा उडेल आणि शेजारी तापलेला मॅनिफोल्ड असेल. म्हणून पाइप इंजेक्शनच्याच दाबाचा आणि क्लिपही त्याच्याच हव्यात. पंपाचा रिले असा जोडा की इंजिन थांबलं की पंप दोन सेकंदांत बंद व्हावा. पंपाला थेट चावीवरून करंट देणारे मी पाहिलेत. अपघातात इंजिन बंद पडलं तरी असा पंप पेट्रोल ओततच राहतो.

टाकीकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि तीस वर्षांच्या टाकीच्या तळाला गंज असतोच. कार्बोरेटर थोडी माती गिळतो, इंजेक्टरचं तोंड तेवढ्याने बंद होतं. टाकी उतरवून आतून धुवा. बसत असेल तर इंजेक्शनच्या ८०० चीच टाकी घ्या, तिच्यात पंप आतच असतो आणि वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं तरी त्याला पेट्रोल मिळत राहावं अशी सोय असते.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही. इंधन तेच आणि इंजिन नंबर तोच असेल तर पुस्तकातला आकडा बदलत नाही, पण अख्खं इंजिन बदललं तर बदलतो आणि तिथे परवानगी लागते. वाहनं तपासून मान्यता देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांत आपल्या नगरचीच वाहन संशोधन आणि विकास संस्था आहे, व्हीआरडीई. केंद्रीय नियमावलीच्या १२६ व्या नियमात तिचं नाव आहे. पण ती तपासणी कंपन्यांच्या मॉडेलसाठी असते, एकट्या माणसाच्या गॅरेजातल्या कामासाठी नव्हे. म्हणून हात घालण्यापूर्वी एमएच १६ असेल तर नगरच्या, एमएच १७ असेल तर श्रीरामपूरच्या आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण असतं, गाडी तिथे तपासली जाते. धुराच्या चाचणीची भीती बाळगू नका. युरो नियमांआधीच्या पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे आणि सेन्सरवर चालणारं निरोगी इंजिन त्याच्या खूप खाली राहतं.

काम काढाल तर दिवाळीनंतर काढा, टाकी रिकामी असताना, आणि आगीचं नळकांडं हाताशी ठेवून. आणि काढलेला कार्बोरेटर, त्याचा मॅनिफोल्ड, जुना पंप विकू नका. पेट्रोल झटकून, तेलाच्या फडक्यात गुंडाळून, बोल्टसकट एका डब्यात ठेवा. आरटीओने गाडी मूळ रूपात मागितली, तर तोच डबा उघडावा लागेल.