रानभाजीची पहिली ओळख

मृगाच्या सरी कोसळल्यावर थोड्याच दिवसांत पडीक जमिनी, माळ आणि शेतांचे बांध हिरवे होतात. या हिरवळीत विपुल दिसणारी एक वनस्पती म्हणजे टाकळा. विदर्भात तिला तरोटा, हिंदी प्रदेशांत चकवड, ओडिशात चाकुंडा आणि संस्कृतात चक्रमर्द म्हणतात. फुले येण्यापूर्वीची तिची कोवळी पाने कांदा-लसणाच्या फोडणीत शिजवून भाजी करण्याची रीत जुनी आहे. ती पेरावी लागत नाही की विकत घ्यावी लागत नाही. रानातील अन्नाशी नव्याने परिचय करून घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाने टाकळ्यापासून आरंभ करावा, हे स्वाभाविकच होय.

परंतु याच टाकळ्याच्या शेजारी पुष्कळदा त्याचा एक जवळचा आप्त उभा असतो. त्याचे नाव कासविंदा अथवा रानटाकळा. दोघांचे कूळ एक, दोघांची पाने संयुक्त आणि दोघांची फुले पिवळी. ओडिशात तर दुसऱ्याला ‘बडा चाकुंडा’ असेच नाव आहे. नावाच्या या साम्यावर विसंबणे किती घातक ठरू शकते, हे पुढील हकिकतीवरून दिसून येईल.

पश्चिम उत्तर प्रदेशातील सहारनपूर, बिजनौर आदी जिल्ह्यांत पावसाळा सरल्यावर दरवर्षी खेड्यांतील लहान मुले एका गूढ विकाराने दगावत. प्रथम उलट्या होत, मग शुद्ध हरपे आणि पुष्कळ मुले काही दिवसांतच मृत्यू पावत. हा विषाणूजन्य मेंदूज्वर असावा, असा प्रदीर्घ काळ समज होता. डॉ. विपिन वशिष्ठ, डॉ. टी. जेकब जॉन व त्यांचे सहकारी यांनी रोगाचा ऋतू, मुलांचे वय आणि त्यांचे खाणे यांचा बारकाईने शोध घेतला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत कासविंद्याच्या बियांकडे बोट दाखविण्यात आले. खेळता खेळता मुले त्याच्या शेंगा सोलून बिया खात होती. यकृत, स्नायू आणि मेंदू या तिन्हींवर त्या विषाचा आघात होत होता. पुढे लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेतील संशोधनाने बियांतील अँथ्राक्विनोन गटाच्या द्रव्यांकडे लक्ष वेधले. या विषावर खास असा उतारा नाही. म्हणून खरा उपाय औषधाचा नव्हे, तर ओळखीचा ठरतो.

ती ओळख कशी पटवावी? टाकळ्याच्या एका पानात बहुधा पर्णिकांच्या तीन जोड्या असतात. प्रत्येक पर्णिका टोकाकडे रुंद व बोथट असते. खालच्या जोड्यांच्या मधोमध बारीक काडीसारखी ग्रंथी दिसते. शेंग लांब, सडपातळ व कोयत्यासारखी वाकलेली असते. कासविंद्याच्या पानात चार ते सहा जोड्या असून पर्णिका टोकदार असतात. त्याची ग्रंथी गोलसर असून ती देठाच्या बुडाशी असते. पान चुरडल्यास उग्र दर्प येतो आणि शेंग चपटी, फिक्या कडांची असते. एकाच लक्षणावर निर्णय करू नये. सर्व लक्षणे एकत्र जुळली, तरच ओळख पटली असे समजावे.

येथे एक अडचण उद्भवते. भाजी खुडतात ती आषाढात, कोवळ्या रोपांची; शेंगांची साक्ष मिळते ती आश्विनाच्या सुमारास. यास्तव नवशिक्या कुटुंबाने पहिले वर्ष केवळ निरीक्षणासाठी द्यावे. गावातील जाणत्या स्त्रीबरोबर एक जागा निवडावी, दोन्ही झाडे शेजारी शेजारी पाहावीत आणि फुले व शेंगा येईपर्यंत दर पंधरवड्यास तेथे जावे. मुलांनी पाने वहीत दाबून ठेवावीत, त्यांखाली दिनांक लिहावा आणि भिंगातून ग्रंथी पाहून तिचे चित्र काढावे. दुसऱ्या वर्षी त्याच जाणत्या व्यक्तीच्या देखत कोवळे शेंडे खुडावेत. प्रथम थोडीच भाजी शिजवावी. रहदारीचे रस्ते, गटारे आणि औषध फवारलेली शेते मात्र वर्ज्य समजावीत.

मुलांसाठी नियम एकच, पण तो अढळ असावा: रानातील कोणतेही पान, फळ वा बी मोठ्यांना दाखविल्यावाचून तोंडात घालावयाचे नाही. टाकळ्याच्या बियाही यास अपवाद नाहीत. मोठ्या माणसास जी मात्रा सोसेल, ती लहानग्याच्या देहास घातक ठरू शकते. चुकून काही खाल्लेच, तर लक्षणांची वाट न पाहता मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि त्या वनस्पतीची फांदी बरोबर न्यावी. वैद्यांना तिचे मोठे साहाय्य होते.

एका वर्षात एकच वनस्पती शिकणे ही गती मंद वाटेल. परंतु ज्या आजीला वीस रानभाज्या ठाऊक असतात, तिनेही त्या एका दिवसात शिकलेल्या नसतात. पाटीत पडणाऱ्या प्रत्येक पानाविषयी ते काय आहे, हे जिला सांगता येते, आणि जे सांगता येत नाही ते जी रानातच ठेवून येते, तीच खरी जाणती होय.