कॅमेरा हलतो, डोळा का हलत नाही?

गेल्या हिवाळ्यात आम्ही नववीच्या मुलांना घेऊन धारूरच्या किल्ल्यावर गेलो होतो. एका मुलाने बुरुजाची चढण मोबाइल हातात धरून टिपली. तिथे लहान पडद्यावर ती सर्वांना आवडली. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या भिंतीवर प्रोजेक्टरने दाखवली, तर दोन मिनिटांत पुढच्या बाकांवरच्या मुली डोळे मिटून बसल्या. चित्रण करणारा गोंधळला. "सर, चढताना मला तर काहीच हललेलं दिसलं नाही!"

तो खरेच बोलत होता. पण चढताना त्याचे डोकेही मोबाइलइतकेच हिंदकळत असणार. मग त्याला किल्ला स्थिर कसा दिसला?

हा अंक समोर स्थिर धरा आणि नकार देताना हलवतो तशी मान भराभर हलवा. अक्षरे वाचता येतात. आता मान स्थिर ठेवून अंक तितक्याच वेगाने हलवा. अक्षरे फासली जातात. दोन्ही वेळा डोळा आणि कागद यांच्यातली हालचाल सारखीच आहे. फरक आपल्या कानामुळे पडतो. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की त्यांतला द्रव मागे रेंगाळतो आणि तो संदेश डोळ्यांच्या स्नायूंना सुमारे शंभराव्या भाग सेकंदात पोचतो. डोके उजवीकडे, तर डोळे तितकेच डावीकडे. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. कागद हलतो तेव्हा मात्र कानाला त्याचा पत्ता नसतो. डोळ्यांना बघून पाठलाग करावा लागतो, आणि ते काम त्या मानाने फार सावकाश होते.

साध्या कॅमेऱ्याला असा कान नाही. शिवाय भिंतीवरचे चित्र पाहताना आपला कान सांगतो 'तू बसलेला आहेस', आणि डोळे सांगतात 'तू हिंदकळतो आहेस'. या भांडणातून मळमळ होते. धारूरच्या घाटात एसटीत पुस्तक वाचणाऱ्याला हीच मळमळ होते, फक्त उलट बाजूने: तिथे कान हलतो आणि पान स्थिर असते. पुढच्या बाकावरून चित्र नजरेचा जास्त भाग व्यापते, म्हणून त्रास तिथे आधी. १९९९ साली 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' पाहताना अमेरिकेत कित्येक प्रेक्षकांना असाच त्रास झाला होता.

थोडे गणित करू. ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग असलेला कॅमेरा फक्त १ अंशाने वळला, तर फिल्मवरची प्रतिमा सुमारे ०.८७ मिलिमीटर सरकते. चौकट २२ मिलिमीटर रुंद धरली तर हे ४ टक्के झाले. ६ मीटर रुंद पडद्यावर ते २४ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर! भिंग १०० मिलिमीटरचे असेल तर याच्या दुप्पट. दूरचे जवळ आणून दाखवणारे चित्र जास्त का थरथरते, ते मुलांना यावरून काढता येईल.

फाळक्यांनी १९१२ साली इंग्लंडहून आणलेल्या विल्यमसन कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवावा लागे, म्हणून त्याला तिपाई हवीच. पुढे चावीवर चालणारे हलके कॅमेरे आले. दुसऱ्या महायुद्धात बातमीपटवाले ते हातात घेऊन धावले. तेव्हापासून हलते चित्र म्हणजे 'माणूस खरोखर तिथे होता', अशी प्रेक्षकांची समजूत झाली. आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड'सारख्या (२०११) माहितीपटाबाबत ती योग्यच आहे. रस्त्यावरच्या गर्दीत तिपाई मांडायला कोण थांबणार? पण १९६६ च्या 'द बॅटल ऑफ अल्जीअर्स'मध्ये सारे प्रसंग घडवून आणलेले होते, तरी चित्रण इतके बातमीपटासारखे होते की यात बातमीपटाचा एक फूटही तुकडा नाही, अशी सूचना अमेरिकेत दाखवताना द्यावी लागली. आज तर स्थिर चित्राला संगणकावर थरथर लावता येते. मोबाइलवर आलेली चित्रफीत हलते आहे एवढ्यावरून ती खरी मानणाऱ्या मुलांना (आणि शिक्षकांनाही) हे सांगायला हवे.

थरथर घालवायची युक्ती डोंबाऱ्याकडे आहे. दोरीवर चालताना तो लांब बांबू आडवा धरतो. वजन दूर पसरले की वळण्याला होणारा विरोध वाढतो. १९७० च्या दशकात गॅरेट ब्राऊन यांनी बनवलेल्या स्टेडिकॅममध्ये हेच तत्त्व आहे. जोडीला स्प्रिंगचा हात आणि गुरुत्वमध्याजवळ सहज फिरणारी पकड.

आम्ही काठीच्या वरच्या टोकाला मोबाइल आणि खालच्या टोकाला वाळूची पिशवी बांधली. काठी गुरुत्वमध्याच्या किंचित वर चिमटीत सैल धरून त्याच मुलाला शाळेचा जिना चढायला लावले. चित्र बरेच शांत आले. मग दोन्ही चित्रफिती शेजारी शेजारी लावल्या. वर्गाचे मत पडले की चढण नव्या पद्धतीने घ्यावी. मात्र किल्ल्याच्या तुटक्या पायरीवर त्याचा पाय घसरतो, तो तुकडा होता तसाच राहू द्यावा.