पडद्यावरची नियतकालिके कोण जपणार?

ग्रंथालयाने एखादे संशोधनपर नियतकालिक घेतले, की त्याच्या जतनाची सोय पूर्वी आपोआप होत असे. वर्षाचे अंक एकत्र बांधायचे, कपाटात ठेवायचे आणि वाळवीपासून सांभाळायचे. पुढे वर्गणी थांबली किंवा प्रकाशकाने गाशा गुंडाळला, तरी जुने खंड ग्रंथालयाचेच राहत. शिवाय तेच खंड इतर ग्रंथालयांतही असत. एके ठिकाणी आग लागली तरी दुसरीकडची प्रत शाबूत राही.

आज ही नियतकालिके मुख्यतः संगणकाच्या पडद्यावर वाचली जातात. अंक प्रकाशकाच्या संगणकावर असतो. ग्रंथालयाला बहुधा मिळते ती केवळ वाचनाची परवानगी. प्रकाशन बंद पडले आणि कोणीच प्रत ठेवली नसेल, तर कपाटात शोधावे असे काही उरत नाही. ही नुसती भीती नव्हे. सर्वांना मोफत वाचता येणारी १७४ संशोधन नियतकालिके २००० ते २०१९ या काळात इंटरनेटवरून नाहीशी झाली, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. त्यांत सर्व प्रमुख ज्ञानशाखांची नियतकालिके होती.

यावर उपाय काय? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने १९९९ च्या सुमारास ‘लॉक्स’ ही योजना सुरू केली. पुष्कळ प्रती असल्या की वस्तू सुरक्षित राहते, हे तिचे सूत्र. प्रकाशकाच्या संमतीने प्रत्येक सहभागी ग्रंथालय आपल्या संगणकात अंकांची प्रत साठवते. हे संगणक वेळोवेळी आपापल्या प्रती एकमेकांशी ताडून पाहतात आणि एखादी प्रत बिघडलेली आढळली, तर चांगल्या प्रतीवरून ती दुरुस्त करून घेतात. आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो अनेक प्रती ताडूनच. एकच पोथी उरली असती, तर ती ताडायची कशाशी?

दुसरा मार्ग मध्यवर्ती भांडाराचा. २००५ साली सुरू झालेल्या ‘पोर्टिको’चा खर्च प्रकाशक आणि ग्रंथालये मिळून उचलतात. नियतकालिक इतरत्र मिळेनासे झाले, की सहभागी ग्रंथालयांना ते या भांडारातून वाचता येते.

आपल्या देशात १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजनेने सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके खुली केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर झाले. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण वाचायला मिळणे वेगळे आणि जपून ठेवणे वेगळे.

माझ्या घरातून महाविद्यालयापर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. आमच्यासारख्यांना ज्ञानाचे दार उशिरा उघडले. आम्ही आत पाऊल ठेवावे आणि तोवर आतली फडताळे रिकामी झालेली असावीत, असे होऊ नये. म्हणून किती नियतकालिके मिळणार, या प्रश्नाबरोबरच त्यांच्या प्रती कोठे व कोणाकडे राहणार, हाही प्रश्न ग्रंथालयांनी करार करतानाच विचारला पाहिजे.